आधी भांडं बघ

आमच्या ऑफिसात नोकरी मागायला आलेल्या प्रत्येकाला आक्का पाणी ओतायला लावायच्या. टेबलावर पाण्याने भरलेला तांब्या आणि शेजारी एक जुना जाडजूड थर्मास. "ह्यातलं पानी त्यात ओत," एवढंच म्हणायच्या आणि खिडकीबाहेर बघत बसायच्या. थर्मास बाहेरून तांब्याच्या दीडपट दिसायचा, पण आत जेमतेम कपभर जागा होती. आलेला माणूस बिचारा घामाघूम होऊन सी प्लस प्लसची पानंच्या पानं पाठ करून आलेला असायचा. तो आज्ञाधारकपणे ओतायला लागायचा आणि पाणी भसकन बाहेर यायचं. टेबलावर, फाइलवर, मांडीवर.

माझंही आलं. पदवीच्या सर्टिफिकेटावरून ओघळ गेला तो आजही दिसतो. फडकं कुठे दिसेना, म्हणून मी माझ्या ओढणीनेच टेबल पुसलं. तेव्हा कुठे आक्कांनी माझ्याकडे पाहिलं.

"आदी भांडं बघावं, मग ओतावं. नापास," त्या म्हणाल्या. "पन पुसलंस. सोमवारपास्नं ये."

हिंजवडीच्या मोठ्या कंपनीतून आलेला एक जण तांब्या बघूनच उखडला होता. मी पाणी भरायला आलेलो नाही, असं सुनावून निघून गेला. आक्कांना त्याचं काही वाटलं नाही. "गेला त्ये बरं झालं. त्यो पुसनार बी नव्हता," म्हणाल्या आणि तांब्यातलं पाणी पिऊन टाकलं.

ऑफिस भोसरीच्या एमआयडीसीत होतं. खाली पत्रा ठोकणाऱ्या प्रेसची शेड, वर आम्ही. प्रेसचा ठोका पडला की आमच्या चहाच्या कपात गोल लाटा उठायच्या. चाकणच्या कारखान्यांत गाड्यांचे सुटे भाग तपासणारी मशीनं असतात, त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. मालक निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यात राहायचे. त्यांना सगळे साहेब म्हणायचो. मनाने वाईट नव्हते, पण गिऱ्हाइकाचा फोन आला की खुर्चीतून अर्धे उठून बोलायचे. आणि आक्का या आमच्यातल्या सगळ्यात सीनियर. सुरुवातीला कुणीतरी त्यांना मॅडम म्हणालं तर म्हणे, "मॅडम बँकेत असत्यात." तेव्हापासून आक्का.

त्या मोशीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. गावातून इंजिनिअरिंगला गेलेली पहिली मुलगी. भावांनी जमिनी विकून मोठ्या गाड्या घेतल्या, आक्कांनी आपल्या वाट्याच्या तुकड्यावर दोन म्हशी ठेवल्या. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना टॉवर उभे राहिले आणि एका सोसायटीचे लोक तक्रार घेऊन आले, की वास येतो. आक्का धार काढत होत्या. उठल्यासुद्धा नाहीत. "वास तुमच्या आदीपास्नं हितं हाय," म्हणाल्या, "फ्लॅट घेताना हुंगला न्हाई का?" लग्न का केलं नाहीत, असं विचारायची आमच्यात एकीनेच हिंमत केली होती. तिला उत्तर मिळालं, "मापाचं भांडं गावलं न्हाई."

पहाटे धारा, मग स्कूटरवरून भोसरी, आणि आल्या आल्या आमच्या कोडचे वाभाडे. जर्मनीच्या इंजिनिअरांशी फोनवर फर्डं इंग्रजी बोलायच्या, पण चाल मोशीची. एकदा पलीकडचा म्हणाला, की तुमचं म्हणणं नीट कळलं नाही. आक्का म्हणाल्या, मग नीट ऐका, आणि तेच वाक्य त्याच वेगाने परत म्हटलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. पलीकडच्याला मात्र दुसऱ्या वेळी सगळं समजलं होतं.

आता थोडं आमच्या धंद्याचं सांगायला हवं. घाबरू नका, आक्कांनी मला जसं सांगितलं तसंच सांगते. आमच्या सॉफ्टवेअरचे दोन मजले होते. वरच्या मजल्यावर स्क्रीन, बटणं, रिपोर्ट. तिथे वापरून झालेली मेमरी आपण आवरायची नसते, मागून एक व्यवस्था येऊन सगळं उचलून नेते. खालचा मजला थेट मशीनच्या सेन्सरांशी आणि व्हॉल्व्हांशी बोलायचा. तिथे असला कुणी नोकर नाही. जागा आपण मागून घ्यायची, मोजून घ्यायची, आणि काम झालं की आपणच रिकामी करून द्यायची. नाही दिली तर ती तशीच अडून राहते. जास्त भरलं तर शेजाऱ्याच्या अंगावर सांडतं.

वरच्या मजल्याला आक्का पलीकडच्या टॉवरवाल्या उपनगरावरून 'वाकड' म्हणायच्या आणि खालच्याला 'गोठा'. "वाकडच्या सोसायटीत कचरा दाराभाईर ठेवला की झालं. कोन नेतंय, कुटं नेतंय, बघायचं न्हाई," त्या समजावायच्या. "गोठ्यात शेन आपुन काडायचं. न्हाई काडलं तर त्यातच बसायचं." हळूहळू ऑफिसभर तीच भाषा झाली. नवीन आलेला पोरगाही आठवड्याभरात विचारायचा, "प्रोग्रॅममधला हा बग वाकडमध्ये आहे की गोठ्यात?" साहेबसुद्धा एकदा गिऱ्हाइकासमोर 'गोठा' म्हणून गेले आणि मग बराच वेळ खोकत राहिले.

या दोन मजल्यांमधलं सगळ्यात अवघड काम म्हणजे शब्द खाली नेणं. नाव, नंबर, शेरा, कुठलीही अक्षरं. वरचा शब्द खालच्याला जसाच्या तसा कळत नाही. त्याची खालच्या मापात नक्कल करावी लागते, नकलेला जागा द्यावी लागते, आणि काम संपल्यावर ती कुणी टाकायची हेही आधी ठरवावं लागतं. शब्द खाली उतरवणारा हा जिना, म्हणजे तेवढा कोड, आक्कांनी स्वतः लिहिला होता. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. आम्ही कुणी काही मोजून आणलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "मोजलंस, पन कशानं?" एकदा डब्यात किती पोळ्या आणल्यास म्हणून विचारलं, मी चार म्हटलं, तर म्हणाल्या, "तुझ्या आईच्या का तुझ्या?"

खंडेनवमीला साहेब सगळ्या लॅपटॉपांना झेंडूचे हार घालायचे. आक्का स्वतःच्या लॅपटॉपचा हार काढून कोपऱ्यातल्या जुन्या टेस्टिंग मशीनला घालायच्या. "लॅपटॉपला पुजनारे लई हायेत. ह्याला कोन हाय?" म्हणत त्याच्या पत्र्यावर कुंकवाचं बोट ओढायच्या. लोक हसायचे. आक्का हसणाऱ्याच्या मशीनचाही हार काढून तिकडे न्यायच्या.

चाकणच्या त्या कारखान्याचं काम आलं तेव्हा आक्का आणि साहेब यांची पहिली मोठी जुंपली. कारखाना ब्रेकचे भाग बनवायचा. भागात हवा भरून गळती तपासायचं मशीन, त्यावर पाळीच्या सुरुवातीला ऑपरेटरने आपलं नाव निवडायचं, आणि पास झालेल्या प्रत्येक भागाच्या स्टिकरवर ते नाव छापून जायचं. साहेब म्हणाले, नावं इंग्रजीत ठेवू, सोपं पडतं. आक्का म्हणाल्या, नावं मराठीत येतील, आणि पूर्ण येतील, बापाच्या नावासकट.

"अहो, ऑपरेटरला इंग्रजी अक्षरं येतात," साहेब म्हणाले.

"येत्यात की. तुमाला बी येत्यात. मग बंगल्याच्या पाटीवर मराठीत का लिवलंय?"

 स्क्रीन मराठीत झाली. पाळी सुरू झाली की वर मोठ्या अक्षरात 'नमस्कार' आणि खाली माणसाचं संपूर्ण नाव यायचं. पहिल्या दिवशी ऑपरेटर एकमेकांना बोलावून आपापलं नाव दाखवत होते. आक्का मागे उभ्या राहून बघत होत्या. इतकं खूश मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

काही महिने सुरळीत गेले. मग ते मशीन मध्येच बंद पडायला लागलं. कधी तासाभरात, कधी जेवणाच्या सुट्टीनंतर. आकडे वेडेवाकडे यायचे, स्क्रीन गोठायची आणि लाइन थांबायची. कारखान्याने पडताळलं तर दिसलं, की एकाच माणसाच्या पाळीत हे होतं. तो परभणीकडचा, कंत्राटावरचा पोरगा. नाव ज्ञानेश्वर, म्हणून लाइनवर सगळे त्याला माउली म्हणायचे. कित्येक वर्षं कंत्राटावर काढल्यानंतर त्याचं नाव कायम करायच्या यादीत लागलं होतं, आणि त्याच सुमाराला त्याला या मशीनवर आणलं होतं. प्रॉडक्शन मॅनेजरचं मत झालं, की हा मुद्दाम काहीतरी करतो. आराम मिळावा म्हणून. त्याला मशीनवरून काढून पॅकिंगला उभं केलं, यादीतलं नाव थांबवलं आणि महिनाअखेर कंत्राटदाराकडे परत पाठवायचं ठरलं.

साहेबांनी हे आम्हाला जवळपास आनंदाने सांगितलं. "त्यांचाच माणूस निघाला. आपल्यावर नाही आलं." पुढच्या सगळ्या मशीनांची ऑर्डर त्याच कारखान्याकडून यायची होती.

आक्का खुर्ची मागे सारून उठल्या. "एकाच मानसाला बघून मशीन बंद पडतंय? मशीनला काय डोळं फुटलं?" मला म्हणाल्या, "चल गं," आणि आम्ही त्यांच्या स्कूटरवरून नाशिक रोडला लागलो. मोशीच्या चौकात ट्रकांच्या मधून त्यांनी स्कूटर अशी काढली, की चाकण येईपर्यंत मी डोळे उघडले नाहीत.

माउली पॅकिंगला खोकी चिकटवत होता. तिशीचा असेल. मॅडम आल्या म्हटल्यावर घाबरून उभा राहिला. "मी काहीच करंना गेलो मॅडम," तो म्हणाला. "नाव निवडतो अन् पार्ट लावतो. लोक म्हणायलेत मी वायर ओढतो. कशाला ओढू? घरी सांगून बसलोय कायम होणार म्हणून."

"तू गप. मशीनवर ये, आन् रोज करतोस त्ये कर," आक्का म्हणाल्या.

मॅनेजर त्याच्या हातांकडे बघत होते. आक्का स्क्रीनकडे बघत होत्या. माउलीने नाव निवडलं. नमस्कार, ज्ञानेश्वर पुंडलिकराव क्षीरसागर. स्क्रीनच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नाव पसरलं. आक्कांनी ते एकदा मनात वाचलं, मग बोटाने हवेत एकेक अक्षर मोजत पुन्हा वाचलं. आणि शेजारचा प्लास्टिकचा क्रेट उपडा करून त्यावर मटकन बसल्या.

"ही माझी हाय," त्या हळूच मला म्हणाल्या. "माझीच चूक."

झालं होतं ते असं. खालच्या मजल्यावर मेमरी म्हणजे लहान लहान खणांची रांग. इंग्रजी अक्षर एका खणात मावतं. मराठी अक्षराला तीन खण लागतात, आणि वरची मात्रा, खालचा उकार, जोडाक्षरातला पाय मोडलेला भाग, या प्रत्येकाला आणखी तीन-तीन. आक्कांनी जिन्यावर मोजली होती अक्षरं, आणि जागा राखली होती तेवढे खण, वर बऱ्यापैकी जादा. मोरे, शिंदे, पवार अशी नावं त्या जादा जागेत निभावून गेली. माउलीचं नाव मावलं नाही. ते शेजारच्या खणांत सांडलं, जिथे व्हॉल्व्हचे आकडे ठेवलेले असायचे. मशीन कधीतरी ते आकडे घ्यायला जायचं, आणि तिथे त्याला क्षीरसागरची शेपटी सापडायची. लगेच गेलं तर लगेच बंद, उशिरा गेलं तर उशिरा.

आम्हा सगळ्यांना थर्मासने नापास करणाऱ्या बाईने स्वतः भांडं न बघता ओतलं होतं. मला वाटलं होतं, आता त्या निदान थोड्या खचतील. पण त्यांनी क्रेटवरूनच साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे साहेबांचं बोलणं मलाही ऐकू येत होतं.

"बोलू नका कुणाशी," साहेब म्हणाले. "गुपचूप दुरुस्त करून टाका. आणि तोपर्यंत त्याचं नाव डी. पी. असं टाका ना. दोन अक्षरं. ॲडजस्ट होईल."

"आन् त्यो मानूस?"

"त्याचं त्यांची कंपनी बघेल. ऑर्डर जाईल, आक्का."

"मानूस बारका करायचा न्हाई साहेब. भांडं मोठं करायचं," आक्का म्हणाल्या आणि फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा चाकणला. कारखान्यात रोज पाळी सुरू होताना सगळे एका पांढऱ्या फळ्याभोवती उभे राहतात. महिनाभरात कुठलं मशीन कधी आणि का थांबलं, ते फळ्यावर लिहिलेलं असतं. शेवटचा रकाना जबाबदार माणसाच्या नावाचा. आमच्या मशीनपुढे खाली खाली एकच नाव होतं, क्षीरसागर, क्षीरसागर, क्षीरसागर. माउली सगळ्यांच्या मागे मान खाली घालून उभा होता. मॅनेजर बोलायला लागणार तेवढ्यात आक्का गर्दीतून पुढे गेल्या, डस्टर उचललं आणि तो रकाना वरपासून खालपर्यंत पुसून काढला. मग मार्कर घेऊन तिथे स्वतःचं संपूर्ण नाव लिहिलं. बापाच्या नावासकट, फळाभर.

"मॅडम, ये क्या कर रहे हो?" मॅनेजर म्हणाले. "आमचा बोर्ड आहे हा."

"बोर्ड तुमचा, चूक माझी," आक्का म्हणाल्या. "माझ्या चुकीवर दुसऱ्याचं नाव चालनार न्हाई."

"प्रूफ काय? तुम्ही त्याला वाचवायला म्हणत असाल."

"मी त्याला वळकत बी न्हाई. तुमी या हिकडं. ह्याला कँटीनला बसवा, लांब. आन् तुमी सोता ह्याचं नाव टाकून मशीन चालवा."

मॅनेजरही हट्टी होते. बाह्या सरसावून मशीनवर उभे राहिले. स्क्रीनवर नमस्कार आला, ज्ञानेश्वर पुंडलिकराव क्षीरसागर. मॅनेजर भाग लावत होते, काढत होते, आणि लाइनवरचे लोक कामं करता करता तिकडेच बघत होते. चहाच्या सुट्टीच्या थोडं आधी आकडे थरथरले आणि स्क्रीन गोठली.  मग मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, आता तुमाला बी पॅकिंगला लावत्यात का?" आणि हास्याचा जो कल्लोळ उसळला, त्यात मॅनेजरही शेवटी हसले. त्यांचं मला कौतुक वाटतं. त्यांनी तिथल्या तिथे माउलीला कँटीनमधून बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर त्याच्याशी हात मिळवला.

आक्कांनी जिना दुरुस्त केला. आधी खणांत माप घ्यायचं, मग तेवढीच जागा मागायची, मग ओतायचं, आणि शेवटी आपली नक्कल आपण टाकायची. फार मोठं काम नव्हतं. माझ्याकडून तपासून घेतलं, तेही पहिल्यांदाच.

आणि मग झालं ते साहेबांना वाटत होतं तेच. कारखान्याच्या वरच्या मंडळींनी पुढच्या मशीनांची ऑर्डर थांबवली. ज्यांच्या सॉफ्टवेअरमुळे लाइन थांबते त्यांना आणखी काम कशाला, असा त्यांचा सवाल. साहेब दोन दिवस कारखान्याला फोन लावत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आक्कांना सांगितलं, की तुम्ही राजीनामा द्या, वैयक्तिक कारण लिहा, म्हणजे दोघांचीही शोभा राहील.

काचेच्या केबिनमधून सगळं ऐकू येत होतं. "माझं वैयक्तिक कारन काय न्हाई," आक्का म्हणाल्या. "म्हशी बऱ्या हायेत, मी बरी हाय. काडायचं तर तुमी काडा. आन् कारन खरं लिवा. चूक कबूल केली म्हनून."

"असं कसं लिहिणार, आक्का?"

"मराटीत लिवा. पूर्ण मावंल आता."

शेवटी कारणाची जागा कोरी ठेवूनच त्यांना मोकळं केलं. मला त्या दिवशी फार राग आला होता आणि अजूनही येतो. चूक लपवून ठेवणारे लोक नोकरीत राहिले, बढत्या घेऊन गेले, आणि जिने स्वतःच्या हाताने फळ्यावर नाव लिहिलं तिला जावं लागलं. मी साहेबांना हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, तुला धंदा कळत नाही. नसेल कळत. तो धंदा कळून घ्यायची मला गरजही वाटत नाही. पुढे मीही ती नोकरी सोडली.

आक्कांचा शेवटचा दिवस. त्यांनी सामान म्हणून एक पिशवी भरली होती आणि थर्मास माझ्या टेबलावर ठेवून दिला होता. पुढे येणाऱ्यांना तू ओतायला लाव, म्हणाल्या. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि माउली आला. पहिली पाळी संपवून थेट चाकणहून, हातात पेढ्यांचा पुडा.

"कायम झालो मॅडम," तो म्हणाला, आणि वाकून आक्कांच्या पाया पडायला लागला.

आक्कांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. "चूक माझी आन् पेढे तुझे? उलटा कारभार हाय ह्यो." पण पेढा घेतला. मग विचारलं, "स्टिकरवर नाव पुरं छापतंय न्हवं?"

"छापतंय की. रोज बघतो." त्याने मोठ्या अभिमानाने गळ्यातलं नवंकोरं कार्ड पुढे केलं. कायम कामगाराचं कार्ड, फोटोसकट. "हे पण आलं."

आक्कांनी चष्मा चढवला. कार्डावर नाव इंग्रजीत होतं. ज्ञानेश्वर, मग पुंडलिकराव, आणि मग 'क्षीरसा'पाशी कार्डाची कडा आली होती. उरलेलं आडनाव छापलंच नव्हतं.

"ह्ये काय?"

"अर्धंच आलं, मशीनमध्ये जागा नाही म्हणायलेत," माउली हसला. "चालतंय हो मॅडम. कायम झालो, आता नावाचं काय घेऊन बसायचं."

"चालतंय, आसं कोन म्हनलं?" आक्कांचा आवाज प्रेसच्या ठोक्यावरून गेला. त्यांनी पिशवी खांद्याला मारली आणि हेल्मेट उचललं. "चल. बस मागं. कार्ड कोन छापतंय त्ये दाखव मला."

साहेब केबिनच्या दारात आले होते. "आक्का, आता तुम्ही कुठल्या कंपनीच्या वतीनं जाणार तिथं?"

"कंपनी कशाला लागतीया?" आक्का म्हणाल्या. "डोळं हायेत न्हवं."

मी खिडकीतून पाहिलं. स्कूटर गेटाबाहेर पडून नाशिक रोडच्या बाजूला वळली. मागे माउली, एका हाताने सीट आणि दुसऱ्याने पेढ्यांचा पुडा धरून. त्यानेही डोळे मिटून घेतले होते.

त्या दिवशी तिथे काय घडलं, हे आक्कांनी मला कधी सांगितलं नाही. हल्ली त्या गोठ्याशेजारच्या खोलीत बसून लोकांची बंद पडलेली सॉफ्टवेअरं दुरुस्त करतात. विचारलं तर म्हणतात, "काय न्हाई, भांडं बगून आले." मी आता वाकडला एका उंच इमारतीत काम करते, आणि तिथे पाणी ओतायला लावलं तर लोक वरपर्यंत तक्रार करतील. तरी मी लावते.

मागच्या महिन्यात कामासाठी त्या कारखान्यात जावं लागलं. गेटवर सिक्युरिटीचा म्हातारा माझी गाडी अडवून नोंद घ्यायला वाकला, तेव्हा त्याच्या गळ्यातलं कार्ड माझ्या नाकासमोर लोंबायला लागलं. नाव मराठीत होतं आणि दोन ओळींत. त्याचं, बापाचं, आणि खाली लांबलचक आडनाव, शेवटच्या काना-मात्रेसकट. आत जाणाऱ्या पोरांच्या गळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांचं दोन ओळींत.

"काका, तुमच्याकडे कार्ड असं दोन ओळींचं कसं?" मी विचारलं.

"म्हाईत न्हाई बा," तो म्हणाला. "हितं पयल्यापास्नं आसंच हाय."

"नाही," मी म्हटलं. "पहिल्यापासून नव्हतं."

मागच्या टेम्पोने हॉर्न वाजवला. म्हातारा मला पुढे जायची खूण करत होता. मी इंजिन बंद केलं आणि त्याला आक्कांचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट.